दोघांचाच डाव

मुलांचे अब्बू कतारहून ४५ दिवसांच्या रजेवर आले, तेव्हा बॅगेत खजूर होते, अत्तर होते, सासूबाईंसाठी गुडघ्याचे मलम होते आणि सगळ्यांत खाली कपड्यांत गुंडाळलेला एक चौकोनी डबा होता. डब्यावर इंग्रजीत नाव, 'सेव्हन वंडर्स ड्युएल'. खेळाडू दोन, वय १० च्या पुढे, वेळ ३० मिनिटे.

"दोनच? आपण घरात पाच माणसं आहोत," थोरली म्हणाली.

ते काही बोलले नाहीत. मला मात्र अंदाज आला. धाकटा आता तेरा वर्षांचा आहे. मागच्या रजेत तो त्यांच्या पाठीवर बसून फिरत होता. या दोन वर्षांत त्याचा आवाज फुटला आणि बोलणे आटले. व्हिडिओ कॉलवर "जेवलास?" "हां." "अभ्यास?" "हां." एवढ्यावर संभाषण संपायचे आणि मोबाइल माझ्या हातात यायचा. हा डबा मुलाशी बोलायला निमित्त म्हणून आला होता.

सासूबाईंनी डबा उघडल्यावर पहिला प्रश्न विचारला तो आपल्या बहुतेक घरांत विचारला जाईल असाच होता. आत पत्ते दिसले, पुठ्ठ्याची नाणी दिसली. "पत्ते आणि पैसे! हे काय आणलंस रे घरात?" त्यांना सगळे उलगडून सांगावे लागले. या पत्त्यांत राजा-राणी-गुलाम नाहीत, इमारतींची चित्रे आहेत. नाणी डावातल्या डावात मोजायची, डाव संपला की डब्यात परत. कुणाच्या खिशातून काही जात नाही, कुणाच्या खिशात काही येत नाही. फासेही नाहीत. धार्मिक बाबतीत निवाडा देण्याचा माझा अधिकार नाही, पण सासूबाईंनी दोन डाव शेजारी बसून पाहिले आणि नंतर हरकत घेतली नाही. "हे तर बाजारहाट केल्यासारखं आहे," असे त्यांचे मत पडले, आणि ते फारसे चुकीचे नाही.

खेळ काय आहे ते आधी सांगते. आंत्वान बोझा या फ्रेंच माणसाने २०१० मध्ये 'सेव्हन वंडर्स' नावाचा खेळ रचला. त्यात सात जणांपर्यंत खेळता येते. प्रत्येकाच्या हातात पत्ते, एक ठेवायचा आणि उरलेले शेजाऱ्याला द्यायचे, अशी त्याची रीत. जर्मनीत मुरलेल्या खेळाडूंच्या खेळासाठी दरवर्षी एक नावाजलेला पुरस्कार दिला जातो. तो २०११ मध्ये सुरू झाला आणि पहिलाच या खेळाला मिळाला. पण दोघांना हातातले पत्ते एकमेकांना देत बसण्यात काही गंमत नव्हती. म्हणून बोझा यांनी ब्रुनो कताला या दुसऱ्या फ्रेंच रचनाकाराला बरोबर घेऊन फक्त दोघांसाठी वेगळा खेळ केला. तो २०१५ मध्ये आला. आमच्या डब्यात आहे तो हा.

यात हातात पत्ते नसतातच. सगळे टेबलावर. (आमच्याकडे दिवाणखान्यातल्या चटईवर.) खेळाची तीन युगे आहेत. प्रत्येक युगात २० पत्ते एकमेकांवर अर्धे चढवून मांडायचे, एक ओळ सुलटी, एक ओळ पालथी. बारा पत्ते दिसतात, आठ झाकलेले असतात. ज्या पत्त्यावर दुसरा पत्ता चढलेला नाही तोच उचलता येतो. आपल्या पाळीत एक पत्ता घ्यायचा आणि त्याचे तीनपैकी एक करायचे. किंमत भरून तो आपल्या शहरात बांधा, किंवा मोडीत काढून नाणी घ्या, किंवा तो खाली सारून आपल्याकडच्या एखाद्या 'आश्चर्या'चे बांधकाम पूर्ण करा. एवढेच. नियम समजायला पंधरा मिनिटे पुरतात. त्या पंधरा मिनिटांनंतर जे सुरू होते ते मात्र वेगळे.

समजा, तुम्हाला हवा तो पत्ता एका पालथ्या पत्त्यावर बसला आहे. तो उचललात की खालचा उलटतो, आणि त्या नव्या पत्त्यावर पहिला हक्क समोरच्याचा. तुम्ही कष्टाने दार उघडायचे आणि आत आधी तो जायचा. म्हणून पाळीपाळीला मनात तोलावे लागते, मला या पत्त्याची गरज जास्त की खाली काय निघेल याची भीती जास्त? दुसऱ्या युगात तर सुरुवातीला दोनच पत्ते मोकळे असतात. त्यातला कुठलाही घेतला तरी एक पालथा पत्ता लगेच उलटतो. अशा वेळी पहिली पाळी नको वाटते. आणि नियम असा सुरेख आहे, की युग सुरू करताना कोणी आधी खेळायचे हे ठरवण्याचा मान सैन्यबळात मागे असलेल्याला मिळतो.

बाजारहाटीचे म्हणाल तर लाकूड, माती, दगड, काच आणि पपायरस असे पाच जिन्नस आहेत. एखादा जिन्नस आपल्याकडे नसेल तर तो पेढीकडून विकत घ्यायचा. भाव दोन नाणी, अधिक समोरच्याकडे त्या जिन्नसाची जितकी खाणीची चिन्हे असतील तितकी. समोरच्याकडे दगडाची दोन चिन्हे असतील, तर मला दगड चार नाण्यांना. म्हणजे त्याने दगडाच्या खाणी घेतल्या तर त्याची सोय होतेच, माझीही महागाई होते. उलट 'दगडाची वखार' असा एक पिवळा पत्ता मिळाला, तर समोरच्याने कितीही दगड साठवला तरी मला एका नाण्यात मिळतो. काही पत्त्यांवर दुव्याचे चिन्ह असते. पहिल्या युगात तबेला बांधला असेल, तर दुसऱ्या युगातला घोडे पैदाशीचा पत्ता फुकट पडतो. धाकट्याने हे सगळे दोन दिवसांत तोंडपाठ केले. शाळेत नफा-तोट्याच्या उदाहरणात हाच मुलगा अडखळतो. यावर शिक्षिका म्हणून मी व्याख्यान देणार होते, पण गप्प बसले. खेळात गणित आहे असे मुलांना एकदा सांगितले, की तो खेळ मेला म्हणून समजा.

जिंकायचे मार्ग तीन. शेवटी गुण मोजून जास्त गुणांचा जिंकतो, हा सरळ मार्ग. बाकीचे दोन आडवाटेचे. पटावर लढाईची एक सोंगटी असते, ती मधोमध सुरू होते. लाल पत्ता बांधला की त्यावरच्या ढालींइतकी ती समोरच्याकडे सरकते. नऊ घरे ढकलून ती त्याच्या राजधानीत पोचवली, की खेळ तिथेच संपला, मग त्याच्याकडे कितीही गुण असोत. तिसरा मार्ग विद्येचा. हिरव्या पत्त्यांवर सहा प्रकारची चिन्हे आहेत, प्रत्येक दोनदा. एकसारखी दोन जमली तर प्रगतीची एक चकती मिळते. सहा वेगवेगळी जमली तर लगेच विजय.

या तीन मार्गांमुळेच खेळाला धार आहे. निळे पत्ते घेऊन निवांत गुण जमवत बसू, असे चालत नाही. समोरच्याची चार हिरवी चिन्हे झाली की पाचवे आपल्या उपयोगाचे नसले तरी उचलून मोडीत काढावे लागते. सतत त्याच्या चटईकडे नजर ठेवावी लागते. मला या खेळाचा हाच सर्वांत मोठा गुण वाटतो. पुष्कळ नव्या खेळांत दोघे समोरासमोर बसून आपापले कोडे सोडवत असतात. इथे तसे करता येत नाही. समोरचा माणूस काय विचार करतो आहे, याचा विचार केल्याशिवाय एकही पत्ता उचलता येत नाही. बाप आणि मुलगा यांना नेमके हेच हवे होते.

आणि नेमके इथेच पहिल्या आठवड्यात बिघडले.

यांना लाल मार्ग आवडला. सलग पाच डाव यांनी सोंगटी ढकलत नेऊन जिंकले. दोन तर दुसऱ्या युगातच संपवले. मुलगा शेवटच्या युगासाठी मनाशी आखणी करत असायचा आणि ते युग यायचेच नाही. नवख्याला हे फार लागते. गुणांवर हरले तर किती कमी पडलो ते तरी कळते. इथे काही न कळताच खेळ बंद होतो. पाचव्या डावानंतर त्याने पत्ते नीट गड्डी करून डब्यात ठेवले, "मला नाही खेळायचं" म्हणाला, आणि मोबाइल घेऊन गच्चीवर गेला. रजेतले अकरा दिवस तोवर संपले होते.

रात्री मी यांना म्हटले, "एखादा डाव हरा ना तुम्ही." सगळे आईबाप करतात तेच सुचवले. दुसऱ्या दिवशी यांनी खरोखर एक लाल पत्ता सोडला. मुलाने पट पाहिला, यांच्याकडे पाहिले. "अब्बू, तुम्ही मुद्दाम सोडलात." पुढे खेळलाच नाही. पत्ते हातात असते तर ही चोरी खपली असती. इथे सगळे समोर मांडलेले असते. तुमच्याकडे किती नाणी, कुठला जिन्नस, काय परवडते, सगळे त्याला दिसते. या खेळात मोठ्यांना लहानांपुढे खोटे हरता येत नाही. हा गुण की दोष ते मला अजून ठरवता आलेले नाही. त्या दिवशी तो दोषच वाटला.

उपाय यांनी शोधला. तिसऱ्या दिवशी त्याला म्हणाले, "मी प्रत्येक पाळीला मोठ्याने विचार करतो. तू फक्त ऐक, मग तुझा पत्ता घे." आणि ते बोलू लागले. हा घेतला तर खालचा उघडेल, तुला काच हवी आहे, काच निघाली तर तू ती घेशील, मग तुझे ते बांधकाम पूर्ण होईल... अर्धा तास माणूस बोलत होता. दोन वर्षांत मुलाशी इतके बोलले नसतील. तो डावही तेच जिंकले, पण तिसऱ्या युगात आणि गुणांवर. मुलगा चिडला नाही. त्याने विचारले, "तुम्ही पहिल्या युगातच लाल का घेत होता?" उत्तर असे, की सुरुवातीला लाल पत्ते स्वस्त असतात आणि नवखा त्यांना किंमत देत नाही. सोंगटी दोन-तीन घरे सरकली की लगेच एक लाल पत्ता घेऊन ती अडवायची, पुढे अडवणे महाग पडते. ज्यांच्या घरात हा खेळ येईल त्यांनी एवढी एक गोष्ट नवख्याला पहिल्याच दिवशी सांगावी. पुस्तिकेत नियम आहे, ही गोष्ट नाही.

आता बाकीचे दोष.

आश्चर्ये बारा आहेत, प्रत्येकाला चार मिळतात, आणि दोघांत मिळून सातच बांधता येतात. आठवे कायमचे बाद. ही शर्यत मजेची आहे. पण बाराही सारखी नाहीत. पाच आश्चर्यांवर 'पुन्हा खेळा' असे चिन्ह आहे. ती बांधली की लगेच आणखी एक पाळी मिळते. ज्या खेळात कोणता पत्ता कोणाच्या पाळीला उघडतो यावरच सगळे अवलंबून, तिथे दोन पाळ्या लागोपाठ मिळणे म्हणजे फार मोठे घबाड. पिरॅमिडला नऊ गुण आहेत आणि बाकी काही नाही. आमच्या धाकट्याने पहिल्यांदा मोठ्या हौसेने ते घेतले, आता हातही लावत नाही. आश्चर्ये वाटून घेतानाच एकाकडे अशी तीन गेली तर दुसऱ्याला डावभर धापा टाकाव्या लागतात. शिवाय झ्यूसचा पुतळा बांधणारा समोरच्याची एक खाण उद्ध्वस्त करतो. आपल्या एकुलत्या एक लाकडाच्या पत्त्यावर हे संकट आले की मोठी माणसेही दोन मिनिटे बोलत नाहीत.

नशिबाचा भागही सांगितला पाहिजे. तुम्ही नाइलाजाने उलटलेल्या पत्त्याखाली समोरच्याला हवे तेच हिरवे चिन्ह निघते, आणि तीन युगांची मेहनत त्या एका पत्त्यावर जाते. असे दर डावाला होत नाही, पण होते. प्रत्येक युगात तीन पत्ते न पाहताच डब्यात ठेवायचे असतात, त्यामुळे ज्याची वाट पाहतो तो पत्ता खेळात आहे की नाही हेही नक्की नसते. बुद्धिबळ खेळणाऱ्या माझ्या भावाने एकच डाव खेळून "हा जुगाराचा चुलतभाऊ" असा शेरा मारला. मला तो पटला नाही. झाकलेले आठ असले तरी दिसणारे बारा असतात. जो त्या बारांचा नीट हिशेब ठेवतो तो दहापैकी सात वेळा जिंकतो, असा निदान आमच्या चटईवरचा अनुभव आहे.

पत्ते लहान आहेत, चिन्हे बारीक आहेत. पत्त्यांवर नावाखेरीज वाक्ये नसल्यामुळे इंग्रजी न येणाऱ्यालाही खेळता येते, पण आधी कुणीतरी पुस्तिका वाचून दाखवावी लागते. माझ्यासारखीला चष्मा लागतो. तीन वेळा पत्ते पिसून विशिष्ट आकारात मांडण्यात वेळ जातो, पंखा जोरात असेल तर अख्खी रचना उडते. ३० मिनिटे हा आकडा सरावलेल्यांचा. आमचा पहिला डाव असर ते मगरिब चालला. आणि परदेशी खेळ आपल्याकडे महाग पडतात, तेव्हा दोघांच्याच करमणुकीला एवढा खर्च करावा का, हा प्रश्न रास्त आहे. थोरलीचा राग तर अगदी रास्त होता. ती पंधरा दिवस बाजूला बसून दोघांनाही सल्ले देत होती, आणि या खेळात सल्ला देणाऱ्याइतके नकोसे कुणी नसते. पाच माणसांच्या घराला एकच खेळ घ्यायचा असेल, तर मी हा सांगणार नाही. मूळचा सात जणांचा घ्यावा, नाहीतर सरळ कॅरम.

याच खेळाला जोडून खेळायची एक पेटी 'पँथिऑन' नावाची आहे. तिच्यात जुन्या संस्कृतींच्या देवतांचे पत्ते असून नाणी मोजून त्यांची मदत मिळवायची असते. ती आमच्या घराला नको वाटली. मूळ खेळ तिच्याशिवाय पूर्ण आहे.

थोरलीला शेवटी चित्रांनी ओढले. अलेक्झांड्रियाच्या दीपगृहाचा पत्ता पाहून तिने विचारले, "हे अजून आहे का?" नाही. पण ते होते, आणि आपल्या ओळखीच्या माणसाने पाहिले होते. इब्न बतूता १३२६ मध्ये तिथे गेला तेव्हा दीपगृहाची एक बाजू ढासळलेली होती, तरी आत जाता येत होते. १३४९ मध्ये परतताना पाहिले तर दारापर्यंतही पोचता येईना, इतकी पडझड झालेली. पुढे त्याच शतकाने पंधराव्याला जागा दिल्यावर मामलूक सुलतान कायतबाय याने त्या जागी किल्ला बांधला, तो आजही उभा आहे. प्राचीन सात आश्चर्यांपैकी आज शाबूत आहे तो गीझाचा पिरॅमिड एकच, ज्याला आमचा धाकटा हात लावत नाही. तिने मग पुस्तकांत बाकीची शोधली, आणि त्या वाटेने ती खेळात शिरली. आता ती माझ्याशी खेळते आणि मला हरवते. तिचा मार्ग हिरवा.

धाकट्याने अब्बूंना पहिल्यांदा हरवले ते रजेच्या तेहतिसाव्या दिवशी. त्याची पाच हिरवी चिन्हे झाली होती, सहावे यांनी मोडीत काढले होते. यांना वाटले, धोका टळला. पण त्याने आधीच्या चिन्हाची जोडी पूर्ण केली आणि बक्षीस म्हणून मिळणाऱ्या चकत्यांतून 'कायदा' नावाची चकती उचलली. त्या चकतीवर स्वतःचे एक वेगळे चिन्ह असते. सहा झाली. यांनी पट पुन्हा पाहिला, चकती उलटून पाहिली, पुस्तिका मागितली. वाचली. मग आईला हाक मारून म्हणाले, "अम्मी, बघा, तुमच्या नातवानं मला लुटलं." त्यात मुद्दाम सोडलेले काहीही नव्हते, आणि हे मुलाला पट पाहूनच ठाऊक होते.

ते परत गेले त्याला आता तीन महिने झाले. या खेळाची मोबाइलवरची आवृत्ती आहे, पण धाकट्याने वेगळीच रीत काढली आहे. माझ्याशी किंवा बहिणीशी खेळताना अडला, की चटईवरच्या सगळ्या मांडणीचा फोटो काढतो. दोघांची शहरे, नाणी, सोंगटी, सगळे एका फोटोत मावते, कारण लपवलेले काही नसतेच. तो अब्बूंना पाठवतो आणि खाली लिहितो, "कुठला घेऊ?" तिकडून ड्युटी सुटल्यावर आवाजाचा संदेश येतो, कधी चार मिनिटांचा, कधी सहा. तोवर आम्ही चटईभोवतीने चालतो आणि पंखा बंद ठेवतो.